गाडी मोत्याला विचारून

बीडमध्ये गाडी कुणी एकट्यानं घेत नाही. पैसे एकाचे असतात, पसंती गल्लीची. मेव्हण्याला पिकअप हवा असतो, शेजाऱ्याला अ‍ॅव्हरेज, चुलत्याला रीसेल. आणि ज्यांचा त्या गाडीत बसायचा सुतराम संबंध नसतो, त्यांना रंग. रंग पांढरा. उन्हात कमी तापते, हे त्याचं सांगायचं कारण. पुढाऱ्याच्या ताफ्यात चुकून मिसळली तरी परकी वाटत नाही, हे न सांगायचं. एमएच-23 ची पाटी लागायच्या आत मागच्या काचेवर काय लिहायचं यावरून घरात दोन तट पडतात : आई-वडिलांची पुण्याई की मामांचा आशीर्वाद. डाउन पेमेंटला ज्यांनी हातभार लावला ते जिंकतात.

या साऱ्या खलबतात गाडी चालवायला कशी वाटते, हे कुणी विचारत नाही. मजा म्हणून गाडी घेणं आमच्याकडे जरा उधळेपणाचं समजतात. मला मात्र रोज सकाळी किल्ली हातात घेतल्यावर बरं वाटेल अशी गाडी हवी होती. त्यात मी आणखी एक अट घातली, "तिच्यात मोत्या बसला पाहिजे." बैठकीत एकदम शांतता पसरली. मग समोरच्या घरातले दादा चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "सर, गाडी माणसासाठी घ्यायलाव का कुत्र्यासाठी?"

प्रश्न टोमणा म्हणून आला होता, पण मला तो पटला. माणसासाठी म्हणून आपण जी गाडी घेतो, ती बरेचदा आपल्याकडे बघणाऱ्या माणसांसाठी असते. कुत्र्यासाठी घ्यायची म्हटलं की बघणारे बाद होतात आणि बसणारा तेवढा उरतो.

हा बसणारा साधासुधा नाही. मोत्याचं आजोळ लातूरकडचं. चाकूर तालुक्यातलं जानवळ हे गाव कारवान कुत्र्यांसाठी नावाजलेलं. मोत्याची आई त्या वळणाची. वडलांचा विषय आमच्यात काढायचा नाही. त्यामुळे पाय शिकारी, भूक गावठी, आणि स्वभाव निवृत्त मुख्याध्यापकाचा. खांद्याशी उंची दोन फुटांच्या वर, कंबर मुठीत मावेल एवढी, आणि पाय इतके लांब की बसल्यावर त्यांचं काय करावं हे त्यालाही ठाऊक नसतं. 9 जानेवारी 2005 ला टपाल खात्यानं चार देशी जातींच्या कुत्र्यांची तिकिटं काढली. त्यात मुधोळ हाउंड होता, म्हणजे मोत्याच्या भावकीतलाच. तिकिटावर हे कुत्रं ऐटीत मावलं. छोट्या गाडीत मावत नाही.

तो गाडीत शिरतो ते बघण्यासारखं असतं. आधी पुढचे दोन पाय सीटवर. मागचे दोन रस्त्यावर. या अवस्थेत तो थांबतो आणि विचार करतो. मागून हॉर्न वाजतात; माळीवेशीत तर रिक्षावाले नाव घेऊन विचारपूस करतात. मग एक मागचा पाय आत. मग दुसरा. मग जागच्या जागी गोल फिरणं, त्यात शेपटी माझ्या चष्म्यावर. अखेर तो बसतो, आणि दार लावताना लक्षात येतं की शेपटी बाहेर राहिली आहे. मग पुन्हा पहिल्यापासून.

शोरूममधला मुलगा चुणचुणीत होता. "सर, 341 लिटर बूट स्पेस!" लिटरमध्ये मी दूध घेतो, पेट्रोल घेतो, कुत्रा लिटरमध्ये मोजायची वेळ कधी आली नव्हती. चौकशी केली तेव्हा कळलं, की ठरावीक मापाचे ठोकळे डिकीत रचून हा आकडा काढतात. 20 सेंटिमीटर लांब, 10 रुंद आणि 5 जाड असा एक ठोकळा, म्हणजे एक लिटर. कोपरे, खाचा, चाकाच्या फुगवट्यामागची सांदी, सगळीकडे ठोकळे शिरतात. मोत्या शिरत नाही. त्याला सलग जमीन लागते आणि डोक्यावर उंची लागते. ब्रोशरमध्ये यातलं काहीच छापलेलं नसतं.

आपल्याकडच्या गाड्यांचं बूड असं तोडल्यासारखं का दिसतं, याचंही उत्तर कुत्र्यामुळेच मिळालं. 2006 च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या लहान गाड्यांवरचा कर कमी झाला. मग कंपन्यांनी गाड्या चार मीटरच्या आत बसवायला घेतल्या. इंजिन कापता येत नाही, ड्रायव्हर कापता येत नाही. कापली ती मागची जागा. 22 सप्टेंबर 2025 पासून लहान गाडीवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला, तेव्हा चार मीटरचा हा उंबरठा आणखी पक्का झाला. मोत्याच्या शेपटीला जागा का नाही, याची कारणं अशी थेट दिल्लीपर्यंत जातात.

त्यातून उरलेली जागा सीएनजी खातो. अ‍ॅव्हरेजवाल्या शेजाऱ्यांचा सीएनजीसाठी आग्रह होता, आणि हिशेबात ते खोटं बोलत नव्हते. पण टाकी नेमकी तिथंच बसते जिथं मोत्या बसायचा. टाटांनी 2023 मध्ये अल्ट्रोझमध्ये एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या खाली घालून वर बॅगांपुरती जागा राखली. बॅगा आडव्या होतात. मोत्याला उभं राहायचं असतं.

मग आम्ही एकेक गाडी मोत्याच्या नजरेनं बघायला लागलो. सेडान पहिल्यांदा गेली. डिकी प्रशस्त, पण ती वेगळी खोली. कुत्र्याला आत घालून झाकण लावायचं म्हणजे अपहरण झालं. मागं लांब पाठ असलेल्या, छत शेवटपर्यंत नेलेल्या गाड्या कुत्र्यासाठी जगभर मानल्या जातात. आपल्याकडे टाटांनी 1992 मध्ये एस्टेट काढली, पुढे 2004 मध्ये इंडिगो मरिना आणली. लोकांना त्या पसंत पडल्या नाहीत. टाटा सुमो माझ्या मनातली. सुमंत मुळगावकरांच्या नावाची पहिली अक्षरं घेऊन 1994 मध्ये आली, 2019 मध्ये बंद झाली; मागं समोरासमोर बाकडी, मध्ये मोकळी जमीन, तिथं एक कुत्रा, दोन पोरं आणि ज्वारीचं पोतं गुण्यागोविंदानं नांदायचं. बोलेरोत अजून तसं जमतं. पण आमच्या आईनं बोलेरोच्या पायरीकडं एकदा पाहिलं आणि विचारलं, "गाडीत बसायचं का कपिलधारचा डोंगर चढायचा?"

इथं एक गंमत ध्यानात आली. आईचे गुडघे आणि मोत्याचे पाय यांचं म्हणणं तंतोतंत एकच होतं. चढायला जमीन खाली हवी, दार रुंद उघडायला हवं, आत डोकं आपटू नये, आणि बसल्यावर बाहेरचं दिसावं. मोठ्या चाकांच्या रुबाबदार गाड्या यातल्या पहिल्याच परीक्षेत नापास होतात. टाटा पंचची दारं काटकोनात उघडतात, तिला मार्क मिळाले. ट्रायबरची मागची रांग काढून घरी ठेवता येते आणि 625 लिटरचं अंगण मोकळं होतं, तिलाही मिळाले. पण काढलेली सीट घरात कुठं ठेवायची यावर बायकोनं मौन धरलं आणि तो विषय तिथंच संपला.

"आता बीडला रेल्वे आली की," असंही कुणी सुचवलं. खरंच आली, 17 सप्टेंबर 2025 ला, पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहायला लावून अहिल्यानगरची गाडी सुटली. पण रेल्वेच्या नियमानं कुत्र्यानं एकतर पहिल्या वर्गाचा सबंध कूपे आरक्षित करून जायचं, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत. आमच्या गाडीला पहिला वर्ग नाही, आणि पेटीत बसायला मोत्या तयार नाही.

खरं म्हणजे कुत्र्यासाठी जागा कशी करतात, हे शिकायला शोरूमला जायचं कारणच नव्हतं. दसरा उलटला की आमच्या जिल्ह्यातल्या रस्त्यांवर ऊसतोडीला निघालेल्या ट्रॅक्टरांची रांग लागते. मुकादमाची उचल घेतलेले कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, सांगली, कोल्हापूर, कर्नाटकाकडं निघतात. ट्रॉलीत सहा महिन्यांचा संसार असतो : कोपीच्या पालाचं सामान, पाण्याच्या घागरी, जळण, पिठाचे डबे, एखादी शेळी, टोपलीखाली कोंबड्या, पेंगुळलेली लेकरं. आणि या सगळ्याच्या शेंड्यावर, गोधड्यांच्या गाठोड्यावर कुत्रं. परमुलखात कोपीची राखण तेच करणार असतं. त्या प्रवासात कौतुक करण्यासारखं फार काही नाही. पोटासाठी गाव सोडणं आहे ते. पण एवढ्या अडचणीतही 'कुत्र्याला जागा आहे का' असं कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही. सामान कुत्र्याच्या बेतानं रचलेलं असतं.

आणि जुना दाखला हवाच असेल तर महाभारतात आहे. महाप्रस्थानाच्या वाटेवर इंद्र खुद्द रथ घेऊन आला. स्वर्गाची गाडी, चालक स्वर्गाचा राजा, भाडं शून्य. अट एकच, कुत्रा चालणार नाही. धर्मराजानं मायलेज विचारलं नाही की रंग विचारला नाही. कुत्र्याशिवाय येत नाही म्हणून सांगितलं. त्याआधी त्यानं भाऊ गमावले होते, बायको गमावली होती, तेव्हा तो थांबला नव्हता. कुत्र्यापाशी थांबला. शेवटी तो कुत्राच साक्षात धर्म निघाला आणि धर्मराजाचं म्हणणं खरं ठरलं. माझं शोरूमवाल्यांपुढं एवढं चाललं नाही, तरी धीर आला.

आता मजेकडं वळतो, कारण तीही अट होतीच. माझी समजूत होती की गाडीची मजा वळणावर असते. धारूरचा घाट त्यासाठी चांगला. पण मागं मोत्या असताना वळण जोरात घेतलं की रेक्झिनच्या गुळगुळीत कव्हरवरून तो उजव्या दाराकडून डाव्या दाराकडं जातो, पुढच्या वळणाला परत येतो, आणि आरशातून माझ्याकडं बघतो. ओरडत नाही, भुंकत नाही. नुसता बघतो. त्या नजरेनं माझं ड्रायव्हिंग जितकं सुधारलं तितकं आरटीओनं सुधारलं नसतं. आता सीटवर लुगड्याची जुनी गोधडी असते, मोत्याच्या छातीला पट्टा आणि पट्ट्याला सीटबेल्टची अडकवणी असते, आणि घाटात पोटातलं पाणी हलत नाही. गिअर वेळेवर टाकणं, ब्रेक आधीपासून हळूहळू दाबणं, वळणातून गाडी अलगद बाहेर काढणं यात वेगापेक्षा जास्त मजा आहे, हे मला त्यानं शिकवलं. त्याची स्वतःची मजा वेगळीच. काच चार बोटं खाली केली की त्या फटीला नाक लागतं. बिंदुसरेचा पूल, तळणीचं हॉटेल, मळणी झालेलं सोयाबीन, कुणाच्या तरी बांधावरचं पिकलं सीताफळ, सगळं तो हुंगून घेतो. आपण सौताड्याला धबधबा बघायला जातो. त्याचा धबधबा पाटोद्यापासूनच सुरू झालेला असतो. नायगावच्या मयूर अभयारण्याकडं मात्र आम्ही गाडी वळवत नाही. मोरांची शांतता मोडायला मोत्याला निमित्त कशाला द्या.

शेवटी घेतली ती वापरलेली वॅगन आर. पेट्रोलवरची, चंदेरी, मागच्या काचेवर काहीही न लिहिलेली. छत उंच, जमीन खाली, अंगानं हलकी. सुभाष रोडच्या गर्दीतून निघते, आणि आई स्वतःच्या पायानं आत बसते. आधीच्या मालकानं तिला ओरखडे पाडून ठेवले होते, हा सगळ्यात मोठा फायदा. नव्या गाडीला मोत्याचं नख लागलं असतं तर मी आठवडाभर मोत्याशी बोललो नसतो. गल्ली नाराज आहे. दादा अजूनही येता-जाता गाडीकडं बघून मान हलवतात, पण परवा त्यांनीच विचारलं, "आमचा टायगर मावंल का हिच्यात?"

त्यांना जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. आकडे सोडा, डिकीत टाकी नको, मागची सीट आडवी करून जमीन सपाट होते का बघा, आणि एसीची हवा मागं पोचते का ते भर दुपारी बघा. कुत्र्याला घाम येतो तो पंजांना तेवढा. बाकी सगळा भार जिभेवर. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीतलं तापमान पहिल्या दहा मिनिटांतच दहा अंशांच्या आसपास चढतं, आणि काच चार बोटं उघडी ठेवल्यानं फारसा फरक पडत नाही. आपल्याकडं एप्रिलमध्येच पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा 'एवढं बँकेत जाऊन येतो' म्हणून त्याला गाडीत कोंडू नका, घरी सावलीत ठेवा.

आणि टेस्ट ड्राइव्हला कुत्र्याला सोबत न्या. शोरूमवाले कुरकुर करतील, करू द्या. गाडीचं दार उघडा आणि काही न बोलता बाजूला उभे राहा. कुत्रा आपणहून चढला तर भाव करायला बसा. नाही चढला, तर चहा पिऊन निघा.