गज सैल करताना

न्यू जर्सीतल्या मुलीच्या घरी फ्रिजवर, गणपतीच्या लोहचुंबकाखाली, एक कागद लावलेला होता. नात चौथीत गेली तशी शाळेच्या वाद्यवृंदात दाखल झाली होती, आणि वर्षभरात तिने काय काय शिकायचं त्याची ती यादी. तिथल्या पुष्कळ शाळांत तंतुवाद्यं चौथीपासून आणि फुंकायची वाद्यं पाचवीपासून सुरू होतात. बहुधा श्वासाला आणखी एक वर्ष पिकू देत असावेत. मी यादी मोठ्या अपेक्षेने वाचायला घेतली. पहिलं उद्दिष्ट होतं, 'मी वाद्य पेटीतून काढू शकते आणि नीट परत ठेवू शकते.' मी ते मराठीत मोठ्यानं वाचलं तेव्हा पोळ्या लाटता लाटता सौभाग्यवतींनी लाटणं थांबवलं. "पेटीतून वाद्य कसं काढणार? पेटी हेच वाद्य की!" ज्या घरात चाळीस वर्षं पेटी म्हणजे हार्मोनियमच, त्या घरातला हा अगदी रास्त प्रश्न होता.

पुढची कलमंही अशीच, मुंगीच्या पावलांची. पेटी आधी जमिनीवर ठेवावी, मग उघडावी. पेन्सिल सोबत आणावी. खुर्चीच्या पुढच्या कडेवर बसावं, दोन्ही तळवे जमिनीला टेकलेले. मोकळ्या तारा नावानं ओळखाव्यात. मला माझा अभ्यासक्रम आठवला. पलुस्करबुवांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, त्या परंपरेतल्या परीक्षांची शिडी आमच्या सदाशिव पेठेतल्या वर्गापर्यंत येऊन पोचली होती : प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, आणि वर ढगात कुठेतरी विशारद, अलंकार. तिथे थेट राग विचारत, आलाप-ताना विचारत, ताल हातावर धरायला लावत. बसायचं कसं हे कुणी लिहून दिलेलं नव्हतं. ते पाठीत बसणाऱ्या गुद्द्यावरून आपोआप कळे. मी मध्यमेपर्यंत चढलो आणि मग नोकरी लागली. शिडी अजून तिथेच आहे, मी उतरलो केव्हा ते मात्र लक्षात राहिलं नाही.

नातीच्या वाट्याला आलेलं वाद्य व्हायोलिन नव्हे, व्हियोला. हा फरक ती मला दिवसातून एकदा तरी समजावून सांगे, बाळाचं नाव चुकणाऱ्या पाहुण्याला सांगावं तशा सोशिकपणानं. व्हायोलिनची सगळ्यात उंच, चिमणीसारखी तार व्हियोलाला नसते. त्याऐवजी खाली एक जाड, घोगरी तार असते. त्या तारेवर नातीचा गज पहिल्यांदा फिरला तेव्हा खंबाटकी घाटात एसटीनं गिअर बदलल्याचा मला भास झाला, आणि परदेशात आल्यापासून प्रथमच घरची आठवण दाटून आली. त्याआधी आठवडाभर तर आवाजच येत नव्हता. कोऱ्या गजाचे घोड्याचे केस तारेवरून नुसते घसरतात. त्यांना राळ चोळावी लागते, तेव्हा कुठे ते तारेला धरतात. आमच्याकडे राळ उडवतात, तीही बहुतेक आरोपांची. ही मुलगी मधाच्या रंगाची वडी हातात धरून, चंदन उगाळावं तशी ती चोळत बसे, आणि मग उजव्या हाताचा ससा करी : अंगठा वाकवून मधल्या दोन बोटांना टेकवायचा, ते सशाचे दात, कडेची दोन बोटं म्हणजे कान. 'माझा ससा मऊ आहे,' हेही यादीतलंच एक उद्दिष्ट. माझ्या उभ्या आयुष्यात मऊपणाला कुणी गुण दिल्याचं मला स्मरत नाही.

एकदा मी तिला आपल्या वादकांचे व्हिडिओ दाखवले. व्ही. जी. जोग मांडी घालून बसलेले, व्हायोलिनचं डोकं पायावर टेकवलेलं. तिनं डोळे विस्फारून पाहिलं आणि म्हणाली, "आजोबा, यांचे तळवे जमिनीवर नाहीत." मी म्हटलं, "त्यांना चालतं." ती म्हणाली, "त्यांच्या टीचरनी यादी दिली नसेल." गजाननबुवा जोशी दाखवायचं मी मग दुसऱ्या दिवसावर ढकललं.

सरावाचं एक कार्डही असे; रोज किती मिनिटं वाजवलं ते लिहून खाली घरच्या मोठ्या माणसाची सही. मुलगी-जावई कामावर, म्हणून तो मान माझा. पेन्शनच्या कागदांवर करतो तशीच झोकदार मराठी सही मी ठोकत असे. तिसऱ्या आठवड्यात शिक्षिकेनं माझ्या सहीशेजारी एक हसरा चेहरा काढला आणि विचारलं, हे चित्र फार सुंदर आहे, पण सही कुठे आहे?

यादीतलं एकच कलम मला खरोखर अवघड वाटलं : 'मी विश्रांती मोजू शकते.' त्यांच्या संगीतात न वाजवण्यालाही चिन्ह असतं, किती मात्रा गप्प बसायचं ते कागदावर छापलेलं असतं. वाद्य काखेत धरून नात स्वयंपाकघरात उभी राही आणि ओठांतल्या ओठांत एक, दोन, तीन, चार मोजी. मी समेची वाट पाहत वाढलेला माणूस. माझा हात नकळत मांडीवर पडे. मग ती माझ्याकडे रागानं बघे, कारण माझी सम तिच्या तिसऱ्या मात्रेवर येई.

डिसेंबरात शाळेच्या जिमखान्यात कार्यक्रम झाला. पांढरे सदरे, काळ्या विजारी. बास्केटबॉलच्या जाळीखाली साठ-सत्तर मुलं, पाणवठ्यावर उतरलेल्या बगळ्यांसारखी. पहिली धून अवघ्या तीन सुरांची, ग, रे, सा. आमच्या भूपातसुद्धा पाच असतात. पण ते तीन सूर साठ गजांतून साठ वेगवेगळ्या क्षणी निघाले, त्यामुळे एकूण पुष्कळच झाले. तिसऱ्या धुनेत व्हियोलावाल्यांना चार आवर्तनांची विश्रांती होती. व्हायोलिनं पुढे निघून गेली आणि आमच्या बाजूची चार मुलं वाद्य काखेत धरून स्तब्ध झाली. नातीचे ओठ हलत होते. सोळा मात्रा. मीही मोजत होतो, हात मांडीपासून दूर धरून. चौदा, पंधरा, सोळा, आणि ती बरोबर जागेवर आली, घाटातली एसटी घेऊन. माझ्या तोंडून भर सभेत "वा!" निघून गेलं. पुढच्या रांगेतल्या तीन माना वळल्या. चांगला श्रोता कसा असावा, याचं एक कलम यादीत होतं. ते मी घाईत वाचलं होतं.

परतताना गाडीत मागच्या सीटवर नातीनं एकदम पेटी उघडली. गज सैल करायचा राहिला होता. वाजवून झालं की गजाचा स्क्रू उलटा फिरवून केस ढिले करायचे, नाहीतर ताणून ताणून लाकूड वाकतं. हे यादीतलं शेवटचं. अंधारात तिनं स्क्रू फिरवला, मग पेटीचे दोन खटके एकामागून एक लागले. मला वाटलं, निघताना मी माझ्या पेटीचा भाता बंद केला होता का? फोन काढला. पुण्यात सकाळचे साडेसहा वाजले असतील, धाकटा भाऊ दूध तापवत असेल. म्हटलं, उचलेल.