उजेड वाढवून मिळत नाही

फोटोग्राफीच्या वर्गात एडिटिंगचा धडा सुरू झाला की विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडतो, तो कुठल्याही सॉफ्टवेअरला पाडता येणार नाही. ॲपर्चर, शटर, आयएसओ हे धडे म्हणजे उपास. ब्राइटनेस आणि शार्पनेस म्हणजे पारणं. आणि पारण्याला जे होतं तेच इथंही होतं, हात आवरत नाही. पट्टी सरकते, फोटो उजळतो, अजून थोडी सरकते, आणि कोजागरीचा फोटो भर दुपारी काढल्यासारखा दिसू लागतो. माझं म्हणणं एवढंच, की या दोन्ही पट्ट्या फोटोत नवं काही घालत नाहीत, असलेल्याचीच फेरवाटणी करतात. त्यामुळे या धड्यात खरं शिकायचं असतं ते थांबणं.

ब्राइटनेसचंच घ्या. नेहमीच्या जेपीजी फोटोत प्रत्येक बिंदूच्या लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाला ० ते २५५ यांतला एकेक आकडा असतो. २५५ म्हणजे छत, त्यावर मजला चढत नाही. लग्नाच्या फोटोत नवरदेवाचा चेहरा अंधारात गेला म्हणून पट्टी उजवीकडे ओढली, तर चेहरा उजळतो खरा; पण शेजारी आजोबा उभे असतात, पांढऱ्याशुभ्र धोतरात. त्या धोतराच्या निऱ्या म्हणजे २३८, २४४, २५० अशा आकड्यांतला बारीकसा फरक. पट्टी सरकताच सगळे आकडे २५५ला जाऊन टेकतात आणि निऱ्या नाहीशा होतात. फोटो तसाच सेव्ह केला आणि नंतर उपरती होऊन उजेड कमी केला, तर धोतर फक्त मळकं दिसतं. निऱ्या परत येत नाहीत.

शार्पनेसची हातचलाखी त्याहून सफाईदार. जिथे काळं आणि उजळ एकमेकांना भिडतं, तिथे तो काळ्याला आणखी काळं करतो आणि उजळाला आणखी उजळ. आपला डोळा फसतो आणि फोटो रेखीव वाटतो. हात हलल्यामुळे पुसट झालेलं नाक त्यामुळे धारदार होत नाही, पुसट नाकाला ठळक कड तेवढी मिळते. अतिरेक झाला की कोकणकड्याच्या धारेवर खडूने ओढल्यासारखी पांढरी रेघ उमटते. आणि मावशींनी पार्लरमध्ये पैसे मोजून झाकलेल्या सुरकुत्या शार्पनेस फुकटात परत आणून देतो.

यावर सोवळ्यातले छायाचित्रकार म्हणतील, मग एडिटिंग करूच नये. हेही पटत नाही. जेपीजी तयार करताना कॅमेरा स्वतःच कॉन्ट्रास्ट आणि शार्पनेस ठरवून मोकळा होतो. म्हणजे आपण नाही केलं तरी यंत्र करतंच. मोठे छायाचित्रकारही करत: अमेरिकी छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांनी १९४१ साली टिपलेल्या ‘मूनराइज, हर्नांडेझ’ या फोटोच्या एकाच निगेटिव्हवरून पुढे अनेक वर्षं प्रिंट काढले आणि नंतरच्या प्रिंटांत आकाश अधिकाधिक काळं केलं. पण ते डार्करूममध्ये जागा पाहून कुठे कमी, कुठे जास्त प्रकाश देत. आपली पट्टी नवरदेव आणि धोतर यांना एकाच मापाने मोजते.

दुसरा आक्षेप जाणकारांचा: रॉमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीत काढा, सगळं सावरता येतं. बरंचसं येतं, हे मान्य. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक बिंदूपाशी १६,३८४ पायऱ्या असतात, त्यामुळे चुकीला जागा मोठी. पण सेन्सरच जिथे प्रकाशाने भरून गेला, तिथे रॉलाही सांगण्यासारखं काही उरत नाही. आणि हललेला हात तर कितीही बिटांत हललेलाच. राहिला तिसरा आक्षेप, ‘माझा फोटो, माझी मर्जी’. मर्जी राखावी, पण स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवून फोटो ठरवला तर प्रिंट काळपट निघतो, आणि छापखान्याला आपल्या मर्जीचं सोयरसुतक नसतं.

तेव्हा पट्टीला हात लावण्याआधी हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख पाहा. आलेख उजव्या भिंतीला चिकटला असेल, तर आणखी उजेड मागू नका. चेहराच तेवढा काळा असेल तर तेवढाच निवडून उजळा. शार्पनेस सगळ्यात शेवटी, फोटोचा आकार ठरल्यावर आणि शंभर टक्के झूम करून द्या. एवढं करूनही फोटो सुधारला नाही, तर सरळ दुसरा काढा; आता रोल संपायची भीती नाही.