एकटेच का?

एकट्याने प्रवासाला निघालेल्या माणसाला वाटतं, आता चार दिवस फक्त आपलं राज्य. चहा कधी, अंघोळ कधी, देवळात जायचं की बाहेर पारावर नुसतं बसायचं, सगळं आपल्या मर्जीने. कोकणकन्या ठाणं सोडेपर्यंत हे राज्य टिकतं. मग कुणीतरी गोड हसून विचारतं, "काका, तुम्ही एकटेच ना? मग जरा वरच्या बर्थवर जाल का? आईंचे गुडघे दुखतात." गुडघ्यांपुढे कुठलंही तत्त्वज्ञान चालत नाही. आपण वर चढतो. रेल्वेत एकटा माणूस म्हणजे सुटे पैसे. कुणाचाही हिशेब जुळवायला तो चालतो.

पण खरी गंमत पुढेच आहे. घरी मी बऱ्यापैकी हट्टी माणूस. पोह्यांवर लिंबू नसेल तर बशी सरकवतो, लग्नाच्या पंगतीत पहिल्या वाढपानंतर उठतो, आणि लोक "त्याचं असंच असतं" म्हणून सोडून देतात. परक्या गावात मात्र मी विलक्षण आज्ञाधारक होतो. मालवणच्या खानावळीत "एकटेच? मग इथे बसा" म्हणून मला तीन अनोळखी माणसांच्या टेबलावर बसवतात. तिघंही सुरमईची थाळी मागवतात. मला खरं तर नुसता सोलकढी-भात हवा असतो, पण तोंडातून निघतं, "मलापण तेच." विक्षिप्तपणा करायलासुद्धा ओळखीची माणसं लागतात. तिथे माझं "असंच असतं" हे कुणाला ठाऊक?

अशा वेळी मला आनंदीबाई जोशींचा फोटो आठवतो. 1883 साली, अवघ्या अठराव्या वर्षी, नवऱ्याला मागे ठेवून त्या बोटीने अमेरिकेला गेल्या. निघण्यापूर्वी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या भाषणात त्यांनी सांगून टाकलं होतं की हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परतणार. फोटो 1885चा, फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातला. शेजारी जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या साबात इस्लामबुली. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. मला त्यात मौज ही वाटते की आनंदीबाईंची साडी कल्याणच्या रस्त्यावर कुणी वळून पाहिली नसती. तिथे ती चारचौघींत मिसळण्याची सोय होती. फिलाडेल्फियात तीच वेगळेपणाची खूण झाली. साडी तशीच राहिली, भोवतालची माणसं तेवढी बदलली. अर्थात ती तशी राहू द्यायला जी हिंमत लागते, ती सुरमईपुढे मान तुकवणाऱ्याने उगाच मोजू नये.

आपल्याकडे एकटेपणाचा खरा कस लागतो लॉजच्या काउंटरवर. वरच्या बर्थवर ज्याला सगळ्यांनी हक्काने धाडलं, त्याच्याकडे इथला माणूस संशयाने बघतो. "फॅमिली नाही?" नाही. "मित्र येणारेत?" नाही. "मग काम काय?" काम नाही, असंच आलोय. हे उत्तर सगळ्यात घातक. असंच कुणी येत नसतं! काही ठिकाणी एकट्याला खोली देतच नाहीत, आणि रात्री नऊनंतर तिथे आनंदीबाईंचा दाखला चालत नाही.

म्हणून एकट्याने जायचं असेल तर जरूर जा, पण निघण्याआधी लॉजवर फोन करा. "किती जण?" असं विचारलं की "एक" म्हणा, आणि पुढे कसलाही खुलासा देऊ नका.