पाणी लागलं की परत

आमच्या कोरपन्यातही समुद्र होता. आम्हाला पोहोचायला उशीर झाला, एवढंच. सुमारे शंभर कोटी वर्षांचा उशीर. त्या समुद्राच्या तळाशी चुन्याचा गाळ साचला आणि त्याचा दगड झाला. भूशास्त्रज्ञ त्याला पैनगंगा गटाचा चुनखडक म्हणतात, तर गडचांदूर, आवाळपूर, उपरवाहीचे कारखाने त्याला कच्चा माल म्हणतात. म्हणजे आमचा समुद्र तसा गेलेला नाही, पन्नास किलोच्या पोत्यांत भरून विकला जातो आहे. लाटा तेवढ्या राहून गेल्या.

समुद्र नाही म्हणून बेट नाही, आणि बेट नाही म्हणून आमच्या घराण्याला आपला खरा प्रवासधर्म फार उशिरा सापडला. आमचं घराणं फिरण्याच्या विरोधात नाही, चढण्याच्या विरोधात आहे. चंद्रपूर जिल्ह्यात पारा सत्तेचाळीसवर जातो. अशा ठिकाणी जन्मलेल्या माणसानं सावली सोडून उंचावर का जावं, हे आम्हाला कुणी पटवून दिलेलं नाही. आमचे सासरे, म्हणजे मामाजी, जन्मभर सिमेंटच्या कारखान्यात होते. निवृत्तीनंतर त्यांनी दोनच व्यायाम ठेवले. एक म्हणजे कुठलंही बांधकाम दिसलं की बोटाच्या पेरानं ठोकून पाहायचं आणि 'हे आपल्याकडचंच सिमेंट होय' असा निकाल द्यायचा. दुसरा म्हणजे खुर्चीत बसून उजवी मांडी अखंड हलवायची. आमची सौ. जिना दिसला की आधी लिफ्ट कुठे आहे ते विचारते. माझ्याबद्दल मी काय सांगणार! मी त्या दोघांच्या मतांचा आदर करतो.

अशा सुखी घरात पुण्याहून भाचा आला. त्यानं सह्याद्रीतले किल्ले असे पाठ केले आहेत की बाकीच्यांना तेवढे पाढेही येत नाहीत. त्याचे बूट आमच्या दारात उतरले तेव्हा शेजारच्यांना वाटलं, वनखात्याचा साहेब आला. आल्या आल्या त्यानं सगळ्यांच्या मोबाईलमध्ये पावलं मोजणारं ॲप टाकलं, 'चला चालूया' नावाचा घरचा ग्रुप काढला आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला माणिकगडावर नेलं. गडचांदूरच्या पलीकडे, जंगलात, दरवाजावर नाग कोरलेला हा जुना किल्ला. त्याचं नाव सिमेंटच्या कारखान्याला दिलेलं असल्यामुळे मामाजींना तो आपल्याच कंपनीचा वाटतो. तरीही पाऊण वाटेत ते दगडावर बसले.

"बाबू, वरती कायले जा लागते? खालून दिसून तर राह्यला किल्ला."

"आजोबा, दहाच मिनिटं राहिली!"

ही दहा मिनिटं डोंगरावरच्या प्रत्येक वळणावर नव्यानं सुरू होतात. माथा आला म्हणावं तर तो माथा नसतो, खरा माथा त्याच्या मागे असतो. तिथं पोहोचावं तर पलीकडे एक 'पॉईंट' असतो. डोंगराला शेवट नसतो, आणि शेवट नसलेल्या गोष्टीत पुण्याच्या माणसाला थांबवता येत नाही. तिथंच मला उपाय सुचला. आपल्याला अशी जागा हवी जिथं जमीनच संपते. पुढे पाणी. भाच्यानं कितीही आग्रह केला तरी पाण्यावरून कुणी चालवत नेऊ शकत नाही. मी जाहीर केलं, "यापुढे आपण फक्त बेटं पाहायची." मामाजींनी दगडावरूनच अनुमोदन दिलं.

बेटाचा शोध घरापासून सुरू केला. पैनगंगा हाकेच्या अंतरावर, पण तिची एक अडचण आहे. पावसाळ्यात पाणी असतं तेव्हा बेट नसतं आणि उन्हाळ्यात बेट निघतं तेव्हा पाणी नसतं. मग कुणीतरी भद्रावतीचं नाव काढलं. चंद्रपूर-नागपूर रस्त्यावरची ही भद्रावती पार्श्वनाथाचं जैन मंदिर, भद्रनाग आणि विजासनच्या बौद्ध लेण्यांसाठी लोकांना माहीत असते. तिथंच डोलारा तलाव आहे आणि तलावातल्या बेटावर जायला फार जुना दगडी पूल आहे. जाडजूड खांबांच्या दोन रांगा, त्यांवर आडवे दगडी तुळे, लांबी सव्वाशे-दीडशे फूट. म्हणजे पन्नास-साठ पावलांत प्रवास, बेट आणि इतिहास तिन्ही आटोपतात. आमच्या घराण्याच्या मापाचं पर्यटनस्थळ यापेक्षा कुणी बांधलेलं नसावं.

भाच्यानं घड्याळ पाहिलं. "मामा, याला ट्रेक म्हणत नाहीत."

"अरे, म्हणूनच तर आलो!"

मामाजींनी पुलाचा खांब ठोकून पाहिला आणि पहिल्यांदाच गप्प राहिले. दगडावर दगड, मध्ये सिमेंटचा कण नाही. शेकडो वर्षं हा पूल त्यांच्या कारखान्याशिवाय उभा आहे, हे त्यांना जरा लागलं. गाडीत बसल्यावर म्हणाले, "तवा आपला कारखाना नोता, नाहीतर अजून मजबूत झाला असता."

भद्रावतीनं धीर आला, मग खऱ्या समुद्राकडे नजर गेली. बल्लारशाहला गाडीत बसून मुंबई गाठली आणि गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीची बोट धरली. बेट-प्रवासाची पहिली थोरवी मला या बोटीत उमगली. पाऊण-एक तास आपण बसलेले असतो, वारा येत असतो, मुंबई मागे सरकत असते आणि याला सगळे जण 'फिरणं' म्हणतात. कुणी उठा म्हणत नाही. उलट उभं राहिलं तर बोटवाला ओरडतो, "बसा, बसा!" आयुष्यभर ऐकायची आस होती ते शब्द!

घारापुरीचा धक्का लांबलचक आहे. तो पाहून सौ.चा चेहरा उतरायच्या आत समोर छोटी गाडी दिसली. लहान मुलांच्या गाडीसारखी दिसते, पण तीत बसलेले सगळे साठीच्या पुढचे. आम्ही चढलो. भाचा तत्त्वाचा माणूस, तो शेजारून चालत निघाला. गाडीचा वेग असा की तो आमच्याशी बोलत बोलत चालला होता आणि मामाजी त्याला खिडकीतून चिवडा देत होते.

मग आल्या पायऱ्या. शंभर-सव्वाशे. इथं आमचा पक्ष फुटेल अशी भाच्याला आशा होती, पण घारापुरीच्या पायऱ्या ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांनाच तशी आशा वाटू शकते. दोन्ही बाजूंनी दुकानं. माळा, शंख, टोप्या, दगडी हत्ती, काकडी, कैरी, ताक. सौ. दर चार पायऱ्यांनी एका दुकानाशी थांबली, भाव केला, घेतलं नाही, पुढे सरकली. दम लागायला सवडच मिळाली नाही. डोंगरावर थांबलं की माणूस थकला म्हणतात, इथं थांबलं की गिऱ्हाईक म्हणतात आणि बसायला स्टूल देतात. मामाजींसाठी डोलीवाले पुढे आले. त्यांनी भाव विचारला, मिशीत हसले आणि "जावईबापू, आपण ताकावर जाऊ" म्हणून ताकापाठोपाठ ताक घेत स्वतःच्या पायांनी वर पोहोचले. मध्ये एका माकडानं भाच्याच्या हातातली शक्तिवर्धक वडी हिसकावली, वास घेतला आणि फेकून दिली. माकडानंही नाकारलेली ती वडी भाच्यानं मग मामाजींना देऊ केली. त्यांनी हात जोडले.

लेण्यात शिरलो आणि बडबड थांबली. साधारण सहाव्या शतकात एका डोंगराच्या पोटात माणसांनी खांब, दालनं आणि शिव कोरला. मागच्या भिंतीतली ती तीन मुखांची मूर्ती जवळजवळ वीस फूट उंच आहे. डावीकडचं मुख उग्र, उजवीकडचं कोमल, मधलं डोळे मिटून शांत. अर्धनारीश्वर, गंगावतरण, कल्याणसुंदर, नटेश. पोर्तुगीजांच्या काळात कितीतरी मूर्ती फुटल्या, तरी उरलं आहे ते पाहायला दिवस पुरत नाही. 1987 साली युनेस्कोनं या लेण्यांना जागतिक वारशात घेतलं. मामाजी बराच वेळ मधल्या मुखासमोर बसून राहिले. मग हळूच म्हणाले, "पाहा बाबू, देवबी बसला म्हणून असा शांत झाला. चालून राह्यला असता तर असं तोंड झालं असतं काय?"

बाहेर भाचा तोफांच्या टेकडीकडे बोट दाखवून उभा. "दहाच मिनिटं." आमच्या वतीनं शेवटच्या बोटीनं उत्तर दिलं. बेटाची ही दुसरी थोरवी. शेवटची बोट चुकली तर रात्र बेटावर, आणि पर्यटकांना रात्री तिथं राहू देत नाहीत. तेव्हा परत फिरणं हा आळस राहत नाही, शिस्त होते.

खाली येताना आम्ही भाच्याला हत्तीची गोष्ट सांगितली. पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं ते धक्क्याजवळच्या दगडी हत्तीवरून. 1864 साली इंग्रजांनी तो विलायतेला न्यायला उचलला, तर तो तुटला. मग तुकडे जोडून त्याला मुंबईतच ठेवला. आज तो भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. मनाविरुद्ध हलवलं की काय होतं याचा एवढा मोठा पुरावा असूनही भाच्यानं बोध घेतला नाही. मामाजींचं लक्ष मात्र विजेच्या खांबांकडे होतं. घारापुरीला 2018 साली समुद्राखालून केबल टाकून वीज आली, तोवर गावं जनरेटरवर होती. हे ऐकून त्यांची छाती फुगली. महाराष्ट्रातलं सर्वांत मोठं सरकारी औष्णिक केंद्र चंद्रपूरचं, 2920 मेगावॅटचं. "राख आपण खायची अन् दिवा इथं लागायचा," ते म्हणाले. मग दुकानदाराचा बल्ब पाहून मवाळले. "लागू दे. चांगला लागते."

तिसरं बेट गोव्यातलं दिवाडी. ओल्ड गोव्याची मोठाली चर्चं पाहून उतारानं मांडवीच्या काठी आलं की फेरीबोटीचा धक्का लागतो. चालणाऱ्या माणसाला तिकीट नाही. हे मामाजींना पटेना. त्यांनी पुन्हा पुन्हा खिशात हात घातला, शेवटी खलाशानं त्यांना दंड धरून आत घेतलं. पलीकडे उतरलं की समोर सपाट रस्ता. दोन्हीकडे खाजणाची भातशेती. खारं पाणी बांध घालून अडवायचं, मानशीच्या दारातून भरती-ओहोटीप्रमाणे सोडायचं-रोखायचं आणि त्या जमिनीत भात आणि मासे दोन्ही काढायचे, ही गोव्याची जुनी विद्या. बगळे चिखलात एका पायावर उभे. वर चढ नाही, खाली उतार नाही, मागून गाडी नाही. सौ. म्हणाली, "असं असंल तं मी रोज चालीन बा." मी तिला लगेच अडवलं, भाच्याच्या कानावर असली वाक्यं जाऊ नयेत.

या बेटावर एकेकाळी सप्तकोटेश्वराचं देऊळ होतं. पोर्तुगीजांनी ते पाडलं, भक्तांनी लिंग नदीपलीकडे नार्व्याला नेलं आणि 1668 साली शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. संकटातही देव फार लांब गेला नाही, नदी ओलांडली आणि थांबला. बेटाच्या मधोमध टेकडीवर पिएदादचं चर्च आहे, तिथून दृश्य अप्रतिम दिसतं असं भाचा म्हणाला. तो, सौ. आणि मी असे निघालो. मी दृश्याच्या लोभानं नव्हे, परत आल्यावर टोमणे ऐकायला लागू नयेत म्हणून निघालो. रस्ता डांबरी होता, घरं जुन्या गोव्याची, व्हरांड्यात बसलेली माणसं आमच्याकडे कीव करून पाहत होती. चर्चसमोरून मांडवी, भातशेती आणि पलीकडचा ओल्ड गोवा एका नजरेत दिसला. दृश्य चांगलं होतं, हे लिहून ठेवतो. चढ होताच, हेही लिहून ठेवतो.

मामाजी धक्क्यावरच थांबले होते. आम्ही परतलो तर धक्का रिकामा. सौ. घाबरली. इतक्यात फेरी पलीकडून येताना दिसली आणि तिच्या कठड्याशी, बाकावर, टोपी सावरत मामाजी. फेरी टेकली, माणसं उतरली, नवी चढली. मामाजी उतरले नाहीत. आम्हाला पाहून त्यांनी हात हलवला आणि बोट पुन्हा निघाली. आम्हाला पुढच्या फेरीची वाट पाहावी लागली.

"पैसे घेत नाही तं उतरायचं कायले?" सापडल्यावर ते म्हणाले. दुपारभर ते अल्याड-पल्याड करत होते. वारा खाल्ला, खलाशाशी दोस्ती झाली, त्याला आपल्याकडच्या अमलनाल्याच्या धरणाची माहिती दिली, बेटाचा काठ दोन्ही बाजूंनी नजरेखाली घातला आणि धक्क्याचं काँक्रीट ठोकून 'आपल्याकडचंच होय' हेही ठरवून झालं.

संध्याकाळी भाच्यानं 'चला चालूया' ग्रुप उघडला. पावलांत त्याचा नंबर दुसरा होता. त्यानं मोबाईल बंद करून पुन्हा लावला, तरी दुसराच. पहिला नंबर मामाजींचा, तोही बराच पुढे. दुपारभर फेरीच्या बाकावर इंजिनाची थरथर आणि पँटच्या उजव्या खिशात फोन, त्या खिशाखाली जन्मात न थांबलेली ती मांडी. ॲप बिचारं मोजत गेलं.

भाचा बराच वेळ आकड्याकडे पाहत राहिला. मामाजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाबू, निराश नाही व्हा लागत. रोज थोडं थोडं चालत जाय. होते सवय."