भुताच्या घराला गिऱ्हाईक

ग्रेडी हेंड्रिक्स या अमेरिकी लेखकाची २०२३ साली आलेली भयकादंबरी आहे, ‘हाउ टू सेल अ हाँटेड हाउस’. नाव असं की एखाद्या दुकानदाराने ती ‘यशस्वी विक्रेता व्हा’ छाप पुस्तकांशेजारी मांडली, तर त्याला बोल लावता यायचा नाही.

साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनमध्ये आईवडील मोटार अपघातात एकदमच जातात. लुईझ ही मुलगी सॅन फ्रान्सिस्कोहून धावत येते, मार्क हा भाऊ गावातच असतो. लांब राहणारीला काय कळतंय, असं याचं म्हणणं. जवळ राहून तू काय दिवे लावलेस, असं तिचं. हे भांडण त्यांनी आपल्याकडून नेलं की आपण त्यांच्याकडून आणलं, यावर संशोधन व्हायला हवं. आई बाहुल्यांची वेडी. हातात घालायच्या बाहुल्या नाचवून चर्चमधल्या मुलांना गोष्टी सांगणारी. घरात पेंढा भरलेल्या खारींचा येशूजन्माचा देखावासुद्धा आहे. माळ्याचं दार मात्र खिळे ठोकून बंद. घर विकून देणारी एजंट नात्यातलीच. ती येते, फिरून बघते आणि सांगते, घर झपाटलेलं आहे, असं विकता यायचं नाही.

बाई उगाच घाबरत नव्हती. न्यूयॉर्क राज्यातल्या नायॅक गावी हेलन ॲकली या बाईंनी आपल्या घरातल्या भुतांबद्दल ‘रीडर्स डायजेस्ट’मध्ये लिहिलं होतं. पुढे घर विकताना त्या गप्प बसल्या, गिऱ्हाईक परगावचं, आणि प्रकरण कोर्टात गेलं. १९९१ साली अपील न्यायालय म्हणालं की, भुतं आहेत म्हणून तुम्हीच गावभर सांगितलंत, आता नाही म्हणता येणार नाही. कायद्याच्या दृष्टीने हे घर झपाटलेलंच. करारातून सुटायची वाट गिऱ्हाइकाला मोकळी झाली. आपल्याकडच्या कुठल्याही मुंज्याला एवढा सरकारी मान मिळालेला नाही.

कादंबरीतल्या बाहुल्या हिंडूफिरू लागतात, तेव्हा मी चहा पीत होतो. हात थांबला तो बहीणभाऊ घर आवरायला लागतात तिथे. आईचं घर ज्यांनी आवरलंय त्यांना विचारा. झाकण नसलेले डबे, कुठल्याच डब्याला न बसणारी झाकणं, मानपानात आलेली आणि पुढच्या मानपानासाठी जपलेली ब्लाउजपिसं, दुधाच्या हिशेबाची वही आणि तिच्या मागच्या पानावर कुणाचा तरी अर्धाच फोन नंबर. ठेवायला जागा नाही, टाकायला मन होत नाही. अशा वेळी त्यातलं एखादं झाकण आपण होऊन हललं असतं, तर बरंच वाटलं असतं. निदान निर्णय त्याने घेतला असता.

हेंड्रिक्सने कादंबरीचे पाच भाग पाडलेत: नकार, संताप, घासाघीस, खिन्नता, स्वीकार. या पायऱ्या एलिझाबेथ कुब्लर-रॉस या डॉक्टरबाईंनी १९६९ साली सांगितल्या, त्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांच्या मनाबद्दल. मागे राहिलेल्यांना त्या नंतर चिकटल्या. आपल्याकडे हिशेब आणखी आटोपशीर. तेराव्याला गोडाचं जेवण होतं आणि चौदाव्याला सातबारा निघतो. मधल्या चार पायऱ्या कुणी कधी, कुठल्या बाथरूमचं दार लावून चढल्या, याची चौकशी होत नाही. लुईझ आणि मार्कही आईबद्दल थेट बोलतच नाहीत. ते घराच्या भावाबद्दल बोलतात, बाहुल्यांबद्दल बोलतात, आणि बोलायचं राहिलेलं सगळं मग रात्री त्या बाहुल्या करून दाखवतात. हेंड्रिक्सचं खरं कसब मला इथे दिसलं. भूत बाहेरून आलेलं नाही, ते घरच्यांनीच वर्षानुवर्षं गप्प राहून पोसलंय.

उत्तरार्धात रक्त जरा सढळ हाताने सांडलंय, आणि काही मारामाऱ्या कापल्या असत्या तरी चाललं असतं. पण आईवडिलांचं घर विकायला काढलेल्या भावंडांनी ही कादंबरी जरूर वाचावी. फक्त प्रती दोन घ्या. एकीवरून आणखी एक वाद नको.