ट्राउटचं सोवळं

ट्राउट मासा पकडण्याच्या शास्त्रातली पहिली अट अशी, की गळाला खाण्याजोगं काहीही लावायचं नाही. गांडूळ नको, कोळंबी नको, कणकेची गोळीही नको. लावायची ती माशी, आणि तीही खोटी : गळावर पिसं, केस आणि दोरा गुंडाळून केलेली. आम्ही पडलो मालवणचे. आमच्याकडे माणूस गरवायला बसला की घरी वाटण तयार असतं. त्यामुळे आमचे भाऊजी या नादाला लागले तेव्हा घरात कोणालाच काही उमजेना. भाऊजी पुण्याचे, त्यातून पक्के शाकाहारी. पण त्यांच्या मते हीच त्यांची पात्रता. पकडलेला ट्राउट ओल्या हातांनी अलगद परत सोडायचा असतो; त्यासाठी गळाचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून सपाट करायचा. "खाणाऱ्याला हे जमायचं नाही," असं ते माझ्याकडे बघून म्हणतात.

माश्या बांधताना गळ घट्ट धरायला जेवणाच्या टेबलाला त्यांनी एक छोटा व्हाइस कायमचा आवळून ठेवलाय. गळाचा नंबर जितका मोठा तितका गळ लहान, हा या धंद्यातला उफराटा हिशेब. वीस नंबरचा गळ चिमटीत दिसत नाही आणि खाली पडला तर पायालाच सापडतो. अशा गळावर भाऊजी 'ग्रिफिथ्स नॅट' नावाची माशी बांधतात : मोरपिसाचा एक तंतू गळाच्या दांडीभोवती गुंडाळायचा आणि त्यावरून कोंबड्याचं कबरं पीस फिरवायचं. पाण्यावर पडली की चिलटांचा पुंजका वाटावा. मोरपीस कुठून येतं, याचा उलगडा ताईला गोकुळाष्टमीला झाला. बाळकृष्णाच्या मुकुटातल्या पिसाचा डोळा तेवढा जागेवर होता; खालची दांडी दोन्ही बाजूंनी बोडकी.

पिसांचं हे वेड साधं नव्हे. इंग्लंडात २००९ साली ट्रिंगच्या संग्रहालयातून एका तरुणाने २९९ पक्ष्यांची कातडी बॅगेत भरून पळवली. वॉलेससारख्या निसर्गशास्त्रज्ञाने जमवलेले पक्षीही त्यात होते. साल्मनच्या शोभिवंत माश्या बांधणारे या पिसांना वाटेल ती किंमत देतात. आणि तो तरुण शिकत होता बासरी! भाऊजींनी हे मोठ्या कौतुकाने सांगितलं. "म्हणजे तिकडे बासरीवाला पिसं चोरतो," ताई म्हणाली, "आणि आमच्याकडे बासरीवाल्याचंच पीस चोरीला जातं." आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेवर मेणाचे थेंब सांडल्यासारखी पिसं असतात, त्यांच्यावर इंग्रज गळवाले व्हिक्टोरिया राणीच्या काळापासून जीव टाकतात. आता त्याला कायद्याचं संरक्षण आहे. भाऊजी ताम्हिणीत त्याची बांग ऐकतात आणि सुस्कारा सोडतात.

पण खरी गंमत आहे ती सोवळ्याओवळ्याची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हॅम्पशरच्या टेस्ट नदीकाठी फ्रेडरिक हॅलफर्ड नावाचे एक कर्मठ गृहस्थ होते. त्यांच्या मते माशी कोरडी हवी, तरंगती हवी, प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकलेली हवी, आणि तीही पृष्ठभागावर किडा टिपताना दिसलेल्या ट्राउटलाच. पाण्याखाली बुडणारी माशी म्हणजे ओवळं. मग आले जी. ई. एम. स्क्यूज, पेशाने लंडनचे वकील. त्यांचं म्हणणं एवढंच, की ट्राउट बहुतेक जेवण पाण्याखालीच उरकतो, तर पान तिथेच वाढावं. हा वाद इतका चिघळला की १९३८ साली, युरोप युद्धाच्या तोंडाशी आलेला असताना, लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात त्यावर रीतसर सभा भरली. ज्या पुण्यात १८९० साली ख्रिस्ती मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून टिळक-रानड्यांवर ग्रामण्य आलं, तिथल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. भाऊजी अर्थातच हॅलफर्डपंथी.

या उतरंडीत लूर, म्हणजे धातूचं किंवा लाकडाचं खोटं आमिष, अगदी खालच्या पायरीवर. स्पिनर म्हणजे गरगर फिरणारं धातूचं पातं आणि मागे तीन तोंडांचा गळ. तो कुठल्याच जिवासारखा दिसत नाही. पण त्याची थरथर ट्राउटला अंगावरच्या पार्श्वरेषेतून जाणवते आणि तो भूक नसतानाही त्वेषाने तुटून पडतो. माशी भुकेला फसवते, स्पिनर टाळकं फिरवतो. फिनलंडच्या लाउरी रापाला नावाच्या कोळ्याने १९३६ साली बुचाचा मासा कोरून त्याला चॉकलेटची चांदी चिकटवली होती, आणि त्यावर पुढे मोठी कंपनी उभी राहिली. मला हा माणूस आपला वाटतो. भाऊजी त्याचं नाव घेत नाहीत.

त्यांच्याबरोबर मी हिमाचलात तीर्थनला गेलो. ट्राउट मूळचा तिथला नव्हे. इंग्रजांनी स्कॉटलंडहून त्याची अंडी काश्मीरला आणली. पहिली खेप वाटेतच मेली, १९०० साली दुसरी जगली, आणि पुढे हा मासा कुल्लूच्या नद्यांत पोचला. एवढा खटाटोप का, तर साहेबाला सुट्टीत करमावं म्हणून. भाऊजी गुडघाभर बर्फगार पाण्यात उभे राहिले. घड्याळात दहा वाजल्यापासून दोनपर्यंत जेवढा कोन होतो तेवढीच काठी हलवायची. मागे गेलेली दोरी पुरती सरळ झाली की मगच पुढे फेकायची. दोरी मागे सरळ झालीही, पण झाडात. सोडवून पुन्हा टाकली. या वेळी एक तपकिरी ट्राउट संथपणे वर आला, माशीच्या खाली नाक धरून वीतभर वाहत गेला आणि वळला. दोरीच्या ओढीने माशी पाण्यापेक्षा किंचित जलद सरकत होती. तेवढ्यावरून त्याने ओळखलं. मुलगी बघायला आलेली आत्यासुद्धा इतकं बारकाईने बघत नाही.

दुपारी आम्ही ट्राउटच्या फार्मवर जेवायला गेलो. मी तळलेला ट्राउट घेतला, भाऊजींनी राजमा. टाकीत कामगार मूठमूठ खाद्याच्या तपकिरी गोळ्या टाकत होता आणि शेकडो रेनबो ट्राउट एकमेकांवर उड्या मारत होते. भाऊजींचा घास हातातच राहिला. रात्री खोलीत प्रवासातला व्हाइस निघाला. गळावर वाटाण्याएवढा तपकिरी गोंडा आकार घेऊ लागला.

"भाऊजी, ही कुठली माशी?"

"नदीतही हॅचरीतली पिल्लं सोडलेली असतात," ते मान खाली घालूनच म्हणाले. "इंग्लंडातही बांधतात गोळीची माशी. फक्त हॅलफर्डना हे..."

"गोंडा कसला आहे?"

"तुमच्या ताईच्या मफलरचा. लोकर."

"मग झालं तर," मी म्हटलं. "धाबळी सोवळ्यात चालते."