फोकस्ड

'फोकस्ड' हे विशेषण इंग्रजीतून आले असल्याने मराठीतही ते लिंगवचनाच्या कटकटीतून सुटले आहे. मुलगा फोकस्ड, मुलगी फोकस्ड आणि लग्नाच्या बायोडेटात दोन्ही पक्ष फोकस्ड. इंग्रजीत त्याच्यापुढे बहुधा 'ऑन' येतो, म्हणजे लक्ष नेमके कशावर ते सांगावे लागते. मराठीने तेवढे कलम गाळले. त्यामुळे दहावीला बसलेला, नोकरी शोधणारा आणि निवडणुकीचे तिकीट मागणारा, असे सगळेच त्यात मावतात.

मूळ लॅटिन नामाचा अर्थ चूल. 1604 मध्ये केप्लरने ते प्रकाशशास्त्रात आणले. भिंगाखाली किरण एकवटतात तिथे कागद पेटतो, हे कारण असावे. मराठीत 'फोकस' म्हणजे मांडवातला किंवा रात्रीच्या क्रिकेट सामन्यातला झगझगीत दिवा. जुन्या शाळेत मात्र विद्यार्थ्याला फोकस्ड करण्याचे काम निरगुडीचा फोक करीत असे, तेही विनाशुल्क.

विशेषणाचा अचूक वापर पाहायचा, तर गणपतीच्या आदल्या दिवशी मुंबई-गोवा महामार्गावरच्या माणगावात यावे. या महामार्गाचे रुंदीकरण 2011 मध्ये सुरू झाले. तरी बाजारपेठेतून मुंगीच्या पावलांनी सरकणारा प्रत्येक ड्रायव्हर अजूनही पुढच्या गाडीच्या नंबरप्लेटवर फोकस्ड असतो. इथे 'ऑन' आपोआप हजर होतो. डाव्या बाजूने दुचाकी घुसवणारा त्याहून फोकस्ड.

स्पेलिंगमध्ये 'एस' एक की दोन, यावर भांडू नये. ब्रिटिश कोशांना दोन्ही रूपे मान्य आहेत.